पत्रीला गेलेला काठ

बिबवेवाडी, पुणे
२८ ऑगस्ट २०२५

ती. शकूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो म्हणून तू पत्र लिहायला लावलंस. घे, कागदावर ओरडतो.

ओढ्याकाठी अपेक्षानं नि मी अर्जुन, शमी, वाळा लावला, ते तुला माहीत आहे. हल्लीचा पाऊस महिन्याचं पाणी तासाभरात ओततो, पार्किंग बुडतं. सोसायटीला काँक्रीटची भिंत हवी. आम्ही म्हणालो, भिंतीमुळे पाणी खालच्या वस्तीत जोरात घुसेल. मुळं माती धरतील, गवत पाणी थोपवेल. अध्यक्षा मालनकाकू, म्हणजे अपेक्षाच्या आई, म्हणाल्या, गणपतीनंतरच्या सभेपर्यंत झाडं जगली तर भिंत नाही.

परवा हरतालिकेला अख्खी सोसायटी पिशव्या घेऊन काठावर. गणपतीला पत्री फुकट! नुसत्या काड्या उरल्यात. सगळ्यात मोठी पिशवी काकूंची. मी त्यांना पार्किंगमध्ये नको ते बोललो. अपेक्षानं ऐकलं. तिनं मला ब्लॉक केलंय.

कंटाळलो, आत्या.

तुझा,
रणजित

लोणी काळभोर
३ सप्टेंबर

चि. रणजितास अनेक आशीर्वाद.

अक्षरावरून राग कळला, शुद्धलेखनावरून कॉलेज का सुटलं तेही.

काड्या झाल्या म्हणून सुतक धरू नकोस. आमच्या बांधावरची शमी दर दसऱ्याला ओरबाडतात, पुन्हा फुटते. नखानं साल खरवडून बघ. आत हिरवं असेल तर झाड जितं आहे. वाळा पत्रीत नसतो, तो शाबूत असेल.

आता काकूंची माफी माग. झाडांसाठी नको, तोंड वाईट सुटलं म्हणून. तुझ्या वडलांचंही असंच. निम्मं गाव बोलत नव्हतं. पोरगी बोलेल न बोलेल, ते तिच्यावर सोड. वेळेवर जेव.

तुझी,
शकूआत्या

बिबवेवाडी
२२ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

माफी मागितली. काकूंनी ऐकून घेतलं, चहा विचारला नाही. निघताना तुझी नखाची युक्ती तेवढी सांगितली.

सभेच्या आदल्या दिवशी धो धो कोसळला. वाळ्याची माती हलली नाही. पत्रीसाठी तुडवलेला कोपरा तेवढा ढासळला. सभेत कुणीतरी म्हणालं, झाडं मेलीत. काकू सगळ्यांना घेऊन काठावर गेल्या, स्वतः नखानं साल खरवडली, हिरवं दाखवलं. म्हणाल्या, भिंत नाही, पत्री मंडईतून आणा. आणि राखणीला हा कॉलेज सोडलेला रिकामाच आहे.

जिंकलो म्हणायचं. खालच्या वस्तीत गुडघाभर पाणी शिरलंच. एवढासा काठ किती धरणार? वर अजून मैलभर उघडा ओढा आहे.

अपेक्षा नोकरीला बंगळूरला चाललीय. काल काठावर आली. तिच्या अर्जुनाला दोन पानं फुटलीत, ती बघितली. उन्हाळ्यात पाणी कोण घालेल, म्हणून विचारलं. आत्या, मला केवढं बोलायचं होतं. मी घालीन, एवढंच म्हणालो.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढाच झेपेना झालाय.

तुझा,
रणजित