मागच्या भिंतीतलं दार

प्रिय ठमे,

तू रागाने फोन ठेवलास, म्हणून पत्र. पत्र आपटता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

घर पाडायला तुझी हरकत नाही, हे मी ऐकलं. त्या घरात तुला कधी जागा नव्हतीच, हेही ऐकलं. खरं सांगतो, परवा गवंड्याला घेऊन गेलो तेव्हा मीही पाडायच्याच विचाराचा होतो. आई गेल्यापासून कुलूपच. कौलं खाली आलीत, वासे वाळवीने खाल्लेत आणि आईच्या शिलाई मशीनच्या जागी कसलंसं झुडूप ऐटीत उभं आहे. गवंडी म्हणाला, डागडुजीपेक्षा नवीन बांधा, डोक्याला ताप नाही. मला पटलं. तुझ्या वहिनीला तर त्याने सांगायच्या आधीच पटलं होतं.

पण निघता निघता त्याने मागच्या भिंतीचा सुटलेला गिलावा सहज थापीने खरवडला आणि थबकला. आत लिंटेल होतं, दारावर टाकतात ना, ती काँक्रीटची आडवी पट्टी. खाली दार मात्र नाही. जुनं दार बुजवलं असेल, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, अरे, हे घर बांधत होते तेव्हा मी इथेच विटांवर खेळत होतो, इथे दार कधीच नव्हतं. मग त्याने बाहेरून माती उकरली. गवताखाली एका खोलीचा पाया निघाला. नीट, चौरस, कुठे तडा नाही, आणि वर काहीच बांधलेलं नाही.

गवंडी चक्रावला. मी मात्र ओळखलं. तुझे फ्रॉक आठवतात? आई प्रत्येक शिवणीत आत भरपूर कापड सोडायची आणि आपण हसायचो, की हिला मापच घेता येत नाही. मग शाळा सुरू व्हायच्या आधी ती शिवण उसवायची आणि तोच फ्रॉक पुन्हा तुझ्या मापाचा व्हायचा. घरही तिने तसंच शिवलं, ठमे! बाबा गेलेले, तू पाळण्यात, आणि ही बाई एक खोली नि स्वयंपाकघर उभं करून पुढचं कापड आत मुडपून ठेवते. मी जन्मभर गॅरेजमध्ये भल्याभल्या कंपन्यांची इंजिनं उघडली, पण एवढी लांबची नजर कुठे पाहिली नाही.

आता तुझा जुना राग. त्याच जागेत तू लिंबाचं रोप लावलं होतंस आणि आईने ते उपटून टाकलं, कारणही न सांगता. परवा फोनवरही तू तेच काढलंस. वहिनी आल्यावर तुझं अंथरूण स्वयंपाकघरात गेलं, तेही काढलंस. अगं, झाडाची मुळं त्या पायात शिरली असती. ती तुझी खोली राखत होती. पुढे तिचे डोळे गेले, मशीन थांबलं, तुझं लग्न झालं आणि खोली राहून गेली. तुला ती बोलली का नाही? हातात कापड आल्याशिवाय ती कधी कुणाला कपडा कबूल करायची का?

तर, पाडायचं रद्द. छप्पर नवं घालावं लागेल, स्वयंपाकघर उतरवावं लागेल. बाकीच्या भिंती मात्र खणखणीत आहेत, गवंड्यानेही नाखुशीने का होईना, कबूल केलं. हे पत्र तुझी संमती मागायला लिहिलेलं नाही. मेहुणे गेल्यापासून तू दिरांच्या घरी पाहुण्यासारखी राहतेस. ते तू सांगत नाहीस आणि मी विचारत नाही. पुढच्या आठवड्यात मागची भिंत उसवायला घेतोय. लिंबू कुंपणाला लागून लावू, तिथे कुणी उपटणार नाही. तुझ्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला हवी, तेवढं कळव.

तुझाच,
दादा