माजी उपप्रतोदाचा घरातला व्हिप

मी, रायभान येडबा गडदे, वय साठीच्या पुढे (मेंढरांमागे रानात जन्मलो, तारीख कोणी टिपून ठेवली नाही), धंदा शेती व मेंढपाळी, पहिल्या लोकसभेचा माजी सभासद व सरकारपक्षाचा उपप्रतोद, राहणार गडदेवस्ती, देवगाव फाट्याजवळ, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र लिहवून घेतो. माझी शुद्ध शाबूत आहे. कळ येते ती छातीत येते, डोक्यात नाही. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असं लिहायची रीत आहे. खरं सांगायचं तर दडपण सकाळपासून ओट्यावर मांडी घालून बसलेलं आहे: थोरला मुलगा भुजंग, धाकटा चंद्रभान आणि त्यांनी सेलूहून आणलेले वकील दिनकरराव. तरी पुढचा प्रत्येक शब्द माझा आहे. दिनकररावांनी फक्त हात चालवला आहे.

वकीलसाहेब मसुदा तयार करूनच आले होते. त्यात घर, शेत, मेंढरं सगळं दोन मुलांना, आणि मुलगी बानूबाई हिला ‘हयात असेतोवर अन्नवस्त्र व दिवाळीस लुगडे-चोळी’. मी तो वाचला. उठून मेंढवाड्यापर्यंत जाऊन आलो. पुन्हा वाचला. पुन्हा उठलो. चंद्रभान म्हणाला, “आबा, बसा की जरा, कामून सारखं उठायलाव?” मी म्हटलं, दिनकरराव, हा कागद घडी करून ठेवा आणि कोरा काढा.

कलम पहिलं, मिळकत. माझ्या बापाने, येडबाने, मागे ठेवलं ते एक घोंगडं आणि मेंढरं वळायची काठी. म्हणून पुढील मिळकतीत वडिलार्जित काही नाही. सर्व स्वकष्टार्जित आहे आणि तिची विल्हेवाट लावण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. फाट्याच्या वाटेवरचं तीन खणांचं माळवदाचं घर, पुढचं अंगण, मागचा मेंढवाडा. ओढ्याकाठची काळी जमीन, विहिरीसह. मेंढरं, शेरडं व एक बैलजोडी. लोकर कातरायच्या कातरी. दिल्लीत शिवलेला बंद गळ्याचा कोट, जो इथल्या उन्हात कोणी घालणार नाही.

कलम दुसरं, वारस. पत्नी कासाबाई वारली. भुजंग शेत बघतो आणि बायकोपोरांसह याच घरात राहतो. चंद्रभान सेलूच्या कापूसबाजारात अडतीवर असतो. बानू दोघांच्या मधली. रझाकारीच्या साली तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला बैलगाडीत घालून इथं आणलं आणि गाडी अंगणातूनच माघारी वळवली, पाणीसुद्धा प्याले नाहीत. त्या माणसांना मी माफ केलेलं नाही, आणि मेल्यावरही करणार नाही, हे नोंदवून ठेवावं. मी दिल्लीत होतो त्या काळात कळप, चूल आणि गडीमाणसं तिनेच सांभाळली. भुजंगाला हे पटत नाही, पण तो जेवत होता तिच्याच हातचं.

मुलांना मृत्युपत्राची एवढी घाई का, तेही लिहितो. छप्पन सालच्या वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत लेकीला लेकाबरोबरीचा हिस्सा मिळतो. मात्र बाप मृत्युपत्र न करता मेला तर. केलं असेल, तर बाप म्हणेल ते खरं. म्हणून माझ्या छातीत पहिली कळ आली आणि मुलांना ताबडतोब वकील आठवला. वैद्य मागाहून आठवला.

तो कायदा कसा पास झाला हे या वस्तीवर माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. सभागृहात सभापती वर बसतो, तो कोणाच्या बाजूचा नसतो. तो उठला की उपसभापती बसतो, तोही नसला तर तालिकेवरचा, म्हणजे त्यासाठी आधीच नेमलेल्या यादीतला, एखादा सभासद. आज काय चालायचं ते सभागृहनेता ठरवतो. मंत्री बोलतात, समोरच्या बाकांवरचे त्यांना अडवतात, दोघांचीही नावं वर्तमानपत्रात येतात. प्रतोद बोलत नाही, आणि त्याच्या हाताखालचा उपप्रतोद तर मुळीच नाही. घंटा झाली की आपल्या पक्षाची माणसं आत घ्यायची, ‘हो’च्या लॉबीतून बाहेर काढायची, कोण चहा पीत बसला, कोण आजारी म्हणून सांगून बाजारात हिंडतोय ते हुडकायचं. मोठं मतदान असलं की व्हिपच्या चिठ्ठीवर तीन रेघा ओढायच्या. तीन रेघा म्हणजे खाटेवर असलास तरी खाटेसकट ये. हे काम मला मिळालं, कारण मुख्य प्रतोदांनी माझा धंदा विचारला आणि मी खरा सांगितला.

त्या विधेयकाच्या वेळी आमच्याच बाकांवरचा एक जमीनदार सभासद उपाहारगृहात दडून बसला होता. मी त्याला दंडाला धरून उठवलं. लॉबीत शिरता शिरता तो माझ्या कानाशी लागला. “रायभानजी, उगाच घाम काय गाळता? इथं हो म्हणायचं, घरी जाऊन मृत्युपत्र करायचं.” मी हसलो. मला त्याचं मत पाहिजे होतं, ते मिळालं.

आज तोच माणूस माझ्या ओट्यावर बसलेला दिसला, फक्त तोंड चंद्रभानचं होतं. “आबा, तुमी दिल्लीत कायदा केलाव, आमाला अभिमान हाय,” तो म्हणाला. “पण दिल्लीचं दिल्लीत. हितं समदा मुलूख लेकीला लुगडं देऊन मोकळा व्हायलाय. आमीच तेवढे येडे का?”

भुजंग म्हणाला, “बानू काय उपाशी मरायली का? आमी हाव की.”

“तुमी हाव, ते मला दिसायलंय,” मी म्हटलं. “तुमच्या बायकांना दिसायलंय का, तेवढं इचारून या.” दोघंही जागचे हलले नाहीत.

मी बानूला बोलावलं. शेरडं पिळत होती, तशीच हात पुसत आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. मला वाटलं होतं, ही तरी हक्काने बोलेल. तर ती भावांच्याही पुढे गेली. “मला हिस्सा नको, आबा. हिस्सा घेतलेल्या बहिणीला भाऊ इचारीत न्हाईत. फाट्यावरच्या बायनाबाईनं घेतला कोर्टातून, तर तिच्या भावांनी तिच्याकडची भाऊबीज टाकली, तिच्या मयतीला बी आले न्हाईत. मला रान नको. माहेर पायजे. तसं लिवा, मी अंगठा देते.”

ऐकून दिनकररावांचा चेहरा उजळला. हक्कसोडीचा कागद त्यांच्या पिशवीत होताच. आमच्या भागात असे कागद लाजेचे मानत नाहीत. बहीण अंगठा देते, भाऊ तिला साडी नेसवतात, गूळ वाटतात आणि सगळे म्हणतात, किती गुणाची पोरगी. पुढे भावजय दोन वर्षांनी तिचं ताट वेगळं मांडते, ते कोणी कागदावर लिहीत नाही.

इथे लिहिणं थांबलं. मी ओढ्यापर्यंत गेलो, परत आलो, विहिरीवर बसलो, तिथेही बसवलं नाही. मला मुलांचा राग आला होता आणि बानूचा त्याहून जास्त. आपल्याच बाजूचा सभासद मतदानाच्या वेळी उठून म्हणाला, की मी विरोधात जातो, माझ्याविरुद्धच, तर प्रतोदाने काय करायचं? मी मेल्यावर तिसऱ्या दिवशी हे तिचा अंगठा घेणार, हे मला विहिरीवर बसून स्पष्ट दिसत होतं. मी तिच्या नावावर काहीही लिहिलं तरी ती ते भावांच्या पदरात टाकणार. माझं लिहिणं फुकट.

तेव्हा जुना धंदा कामाला आला. पाच वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. माणसाला धरून आणलं तर एक मत मिळतं. त्याला आत बसण्यात स्वतःचा मतलब दिसला, तर तो स्वतः येतो आणि वर दुसऱ्यालाही घेऊन येतो. मी घरी आलो आणि दिनकररावांना म्हटलं, आता भराभर घ्या.

कलम तिसरं. ओढ्याकाठची जमीन भुजंग, चंद्रभान व बानूबाई या तिघांना समसमान. विहिरीचं पाणी पाळीने.

कलम चौथं. बानूबाईने आपला हिस्सा भावांच्या, भावजयांच्या किंवा पुतण्यांच्या नावे सोडून दिला, बक्षीस दिला, अथवा तिचा अंगठा असलेला तसा कोणताही कागद निघाला, तर तो तिने राजीखुशीने केला की कसा, याची चौकशी न करता त्याच दिवशी तो हिस्सा माझा चुलतभाऊ आश्रुबा गडदे याच्या मालकीचा होईल.

हे कलम ऐकून भुजंग ताडकन उठला. आश्रुबा कोण ते परक्या वाचणाऱ्यासाठी सांगतो. त्याचं शेत आमच्या शेताला लागून आहे आणि दर पावसाळ्यात आमचा बांध त्याच्या बाजूने वीतभर खचतो. राजकारणात तो विरोधी पक्षाचा. बावन्न सालच्या निवडणुकीत गाडीवर उभा राहून गावोगाव सांगत होता, ‘मेंढका दिल्लीला जाऊन काय करणार? मेंढरंच वळणार!’ निघालं तसंच, पण त्याने ते आधी बोलायला नको होतं. आमची बोलाचाली नाही. भुजंग तर त्याच्या बैलाच्या घंटेचा आवाज आला तरी थुंकतो.

“आबा, त्या आश्रुबाला? आपल्या रानात?” भुजंग म्हणाला. “इख दिलं असतं तर बरं झालं असतं.”

“त्याला काय बी मिळत न्हाई,” मी म्हटलं. “बानूचं रान बानूकडं राहू दे, आश्रुबा बांधापल्याड राहील. राखण तुमी करा.”

दिल्लीत विरोधकांचा मान्य असा नेताच नव्हता. सभागृहाच्या दहाव्या हिश्श्याइतके सभासद एकाही विरोधी पक्षाकडे नव्हते. तरी ते समोर बसलेले असले की आमची माणसं वेळेवर येत. समोरचे बाक ओस पडले, की आमच्याकडचे लोक सुपारी कातरत गप्पा मारत बसायचे. घरालाही समोरचा बाक लागतो, म्हणून आश्रुबाला तिथे बसवला आहे. त्याला हे कळलं तर तो हसेल, हसू द्या.

कलम पाचवं. राहतं घर, अंगण व मेंढवाडा एकट्या बानूबाईला, पूर्ण मालकीने. भुजंगाने कुटुंबासह राहावं, चंद्रभानने सणावाराला यावं, पण घरमालकीण ती. चौथ्या कलमाची अट या घरालाही लागू. कारण लिहून ठेवतो. तिला माहेर हवं आहे. भावांच्या मर्जीवर राहिलेलं माहेर भाऊ कधीही मिटू शकतात. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो, ही रीत आहे. माझ्या लेकीला घरच नसल्याने इतकी वर्षं ती भावांच्याच घरात भावांना ओवाळत आली, आणि ते मला आज बोचलं.

कलम सहावं. कळप फोडू नये. कारभार बानूकडे, लोकरीचं व विक्रीचं उत्पन्न तिघांत. कातरी तिच्याच. बैलजोडी भुजंगाची. कोट चंद्रभानने घ्यावा, त्याला मोठ्या माणसांत बसायची हौस आहे.

कलम सातवं. सत्तावन्न साली ज्याने माझं तिकीट कापलं, त्या पुढाऱ्याला काही नाही. त्याला माझ्या मयतीला येऊ द्यावं, बोलू देऊ नये. दुसऱ्या कोणालाही बोलू देऊ नये. मी सभागृहात न बोलता पाच वर्षं काढली, चितेवर दुसऱ्याचं भाषण ऐकणार नाही.

कलम आठवं. व्यवस्थेसाठी दिनकरराव वकील यांस नेमतो. ते मुलांच्या बाजूने आले होते, म्हणूनच नेमतो. आता त्यांना दोन्ही बाजू ठाऊक आहेत. यापूर्वीचे मसुदे, तोंडी कबुल्या व आजारपणात दिलेले शब्द रद्द समजावेत.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. वाचन चालू असताना बानू आतच होती, बाहेर आली नाही. चंद्रभान खाली मान घालून नख कुरतडत होता. मला अजून चैन नाही. आपण घर बांधलं की मोडलं ते उद्या कळेल की कधीच कळणार नाही, कोण जाणे. सही करतो तरी.

सहीआधी एवढं आणखी नोंदवून घ्यावं. वाचन संपल्यावर भुजंग उठला आणि रोजच्या सवयीने घरात निघाला. उंबऱ्यापाशी त्याचा पाय थांबला. या दारातून तो रांगत गेला आहे. त्याने आत बघून विचारलं, “बानू, येऊ का?” रागाने विचारलं की मनापासून, ते मला पाठीमागून कळलं नाही. आत भाकर थापायचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, “ये की, दादा. भाकर टाकायलेय.”

रायभान येडबा गडदे (सही)

साक्षीदार:
१. बन्सीधर सखाराम मुळे, कारकून, राहणार सेलू (सही)
२. चतुराबाई भ्रतार चंपती काळे, शेजारीण, राहणार गडदेवस्ती (निशाणी डावा अंगठा. एक साक्षीदार बाईच असावी, असं लिहून देणाराने सांगितलं.)

दोघांनी लिहून देणाराला आपल्यासमोर सही करताना पाहिलं.

लिहिणार: दिनकरराव वकील, सेलू

ठिकाण: गडदेवस्ती, देवगाव फाट्याजवळ, जिल्हा परभणी, मुंबई राज्य
तारीख: ८ फेब्रुवारी १९५९