दारातले जोडे

९ फेब्रुवारी १९९६, शुक्रवार
आज रोजा स्टुडिओतच सोडला. खजूर, पाव, मसुरीचं सूप. सेल्मिन रोजे धरत नाही, पण अजान होईपर्यंत तीही उपाशी थांबली. पोरीच्या तोंडावर रया नाही. पहिली कॅसेट घरोघरी वाजली, आता दुसरीची धास्ती! नेजात बे येता-जाता टोचतात — "पहिली नशिबानं चालते, सेल्मिनबाई. गळा आहे की नाही ते दुसरीत कळतं." कंपनी त्यांची. बोलणारच.

अजानची वाट बघत साझ मांडीवर घेऊन तारा छेडत होतो. बोटं आपोआप आईच्या विलापावर गेली. सेल्मिन काचेपलीकडून धावत आली.
"उस्ता, हे काय होतं?"
"काही नाही, बेटा. गावाकडचं."
ती हटेना. शेवटी शब्द म्हणून दाखवले — दारातले जोडे कुणी नेऊ नका, पाय थकले की तो येईल.

११ फेब्रुवारी
चुकलो.
बावीस वर्षांपूर्वी, मी नवे जोडे घालून शहरात आलो त्याच हिवाळ्यात धाकटा याकूब बर्फात गेला. रस्ते बंद. मयतीच्या चाळिसाव्या दिवशी घरी पोचलो तर आई चुलीपाशी हेच म्हणत होती. मेलेल्याचे जोडे आम्ही दाराबाहेर ठेवतो, गरजवंत नेतो. ती नेऊ नका म्हणत होती! मला पाहिलं आणि गप्प झाली. पुन्हा तिच्या तोंडी ते कधी आलं नाही.
मयत नसलेल्या घरात विलाप म्हणत नाहीत. आणि सेल्मिनने मागितला तसा मी तो तिच्या कॅसेटला दिला — आईला न विचारता.

२ मार्च
"रचना कुणाची लिहू?" नेजात बेंनी विचारलं. आईचं नाव परक्यांच्या हाती द्यायला जीभ रेटेना. म्हणालो, "कुणाचीच नाही. लोकगीत लिहा."

१४ मार्च
गाण्यात ढोल घातलाय. वर टाळ्या! सेल्मिन रडली — "हे मी संथच गाणार." नेजात बे हसले. "रडायला लोकांना घर आहे, बाई. कॅसेट नाचायला घेतात."
मला बोलता आलं असतं. नाही बोललो.

२१ मे
कॅसेट आली. पेपरात — 'पहिलीची सर नाही. गायिका थकलेली वाटते.' सेल्मिन फोन उचलत नाही.

१८ जून
बाकीची गाणी पडली. 'जोडे' मात्र चाललंय! शेअर गाडीत, भाजीबाजारात. आज एका लग्नात वाजवायला गेलो, तर शंभर माणसं याकूबच्या मयतीवर खांदे उडवत होती. नमाजात मन राहत नाही.

७ जुलै
बहिणीचा, गुल्लूचा फोन.
"दादा, काकांच्या नातवाच्या लग्नात ते वाजलं. आई खुर्चीवरून उठली, एकटी चालत घरी गेली. तीन दिवस एक शब्द नाही."
"माझ्याबद्दल काही—?"
"नाही रे. तू ये. ती आता किती दिवसांची! तुझ्यावरचा तिचा हक्क माफ करून घे."
आई माफ न करता गेली तर कुठल्या तोंडानं जनाज्याला खांदा देऊ?

८ जुलै
काल सेल्मिनला सगळं कळवलं होतं; ती बसस्थानकावर आली. कुणी ओळखू नये म्हणून डोक्याला रुमाल. हातात टेप. "उस्ता, ढोलाच्या आधीची आहे. आईंना सांगा, मी संथच म्हटलं होतं."

१० जुलै, गाव
आईचा हात ओठांना, कपाळाला लावला. "याकूबचा विलाप मी बाजारात नेला. हक्क माफ कर." मी टेप लावली. तिने शेवटपर्यंत ऐकली, मग उठून आत गेली.

११ जुलै
सकाळी तिने पेटी उघडली. कापडात गुंडाळलेले, मी शहरात जाताना दारात सोडलेले जुने जोडे — टाचेला माझ्याच हातचा टाका. मऊ. दरवर्षी तेल लावलेले.
"याकूबचे मेंढपाळानं नेले. मीच दिले. मातीत गेलेला परत येतो का?"
मी जोडे हातात घेतले.
"माफ केलं," म्हणाली. "लग्नातून उठले ती रागानं नाही. सगळं गाव नाचत होतं, आणि ज्याच्यासाठी म्हटलं तोच नव्हता."