मागचा लाल दिवा

बपेरा, पुलाजवळ
रविवार, दुपार

प्रिय भूप्या,

जय भीम. कृष्णराव काकाजींना आणि तुझ्या आईंना माझा नमस्कार सांगू नको. आधी पत्र पुरतं वाच, मग वाटलं तर सांग. अक्षरावरून ओळखलंच असशील. शाळेत मास्तर म्हणायचे, अंकुशचं अक्षर म्हणजे ओल्या बांधीतून बगळे चालत गेले. अजून तसंच आहे. फोन करता आला असता, दोनदा नंबर काढलासुद्धा. पण तू "बोल बे" म्हणशील आणि मी इथल्या मोहफुलांचं सांगायला लागेन, मग टपरीवरच्या कुत्र्याचं सांगेन, आणि जे बोलायचं ते पोटातच ठेवून फोन बंद करीन. कागद निदान मध्येच उठून जात नाही. म्हणून सत्यभामाबाईंच्या चहाटपरीवर त्यांच्या नातीच्या वहीची मधली पानं मागून घेतली आणि लिहून राहिलो. बाई म्हणाल्या, "परेमपत्र हाय का गा?" मी म्हटलं, तसंच समजा.

पाय कसा आहे? आमची प्रतिक्षा फोनवर सांगत होती की काठी सुटली, पण जिना चढताना तू कठडा धरतोस, आणि कोणी बघितलं की मोबाईल काढून उभा राहतोस. रॉड काढणार की राहू देणार? हे दीड वर्षात मी एकदाही विचारलं नाही. रायपूरला ट्रकवर होतो, नंतर एका मेळ्यात पाळण्याची तिकिटं फाडली, एका ढाब्यावर कांदे कापले. आई म्हणते पोराच्या पायात भिंगरी आहे. भिंगरी नव्हती रे, पण ते पुढे सांगतो. गेले आठ महिने बालाघाटला सेवकराम मिस्त्रींच्या गॅरेजात आहे. माणूस चांगला, फक्त दिवसभर शिव्या देतो आणि दुपारी आपल्या डब्यातला अर्धा भात मला घालतो. आज सकाळी तिथूनच निघालो. बपेऱ्यापासून आपलं गाव तासाभराचं. पहिली काळीपिवळी जीप आली, ती सोडली. दुसरीही गेली. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने ओरडून विचारलं, "येऊन राहिला का नाही बे?" मी चहा पीत बसलो.

आमची मोठी गाडी तुला आठवत असणार, विसरशील कसा. बाबा जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले तेव्हा एका साहेबाकडून घेतलेली, तेव्हाच आठ वर्षं जुनी. तू आणि मी पहिल्या दिवशी तिला कालव्यावर नेऊन धुतली आणि तू चपला काढून आत बसलास. बाबा हसले होते. बाबा तसे हसणारे नाहीत. एकतीस वर्षं रोज गेटवर झडती देऊन आत जायचं, खिशात काडीपेटी सापडली तर घरी, असं ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस घरातही तसाच वागतो. त्यांचा एकच कायदा, मशीनवर दिवा लागला की हात थांबवायचा, मग विचारायचं. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरचा दिवा जरा लुकलुकला तरी ते बटण बंद करून वायरमनची वाट बघत बसत, धान वाळलं तरी चालेल. तू त्यांची थट्टा करायचास, "परसरामजी, तुमच्या डोक्यात दिवा लागला." ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

आता मंडईच्या दिवसाचं. दिवाळीनंतर नाकाडोंगरीकडे मंडईची जत्रा होती, मी तुला चल म्हटलं, तू म्हणालास, "नाही बा, सकाळी सोळाशे मीटर मारायचे हायत." पोलीस भरतीला दोन महिने राहिले होते तुझ्या. मी डिझेल भरून आणतो असं बाबांना सांगून गाडी घेतली आणि एकटाच गेलो. रस्त्यावर झुंबड, म्हणून मी शहाणपणा करून धान कापलेल्या बांधीतून गाडी घातली. वरून कोरडी दिसली, खाली सगळा गाळ. चाकांच्या दांड्यापर्यंत रुतली. एका ट्रॅक्टरवाल्याने साखळी लावून ओढून काढली, निम्मी मंडई टाळ्या वाजवत होती. कालव्यावर धुऊन, पुसून घरी आणली, बाबांना काही कळलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत एक नवीन गोष्ट दिसली. समोरच्या मीटरच्या काचेवर मी एक निळं स्टिकर चिकटवलं होतं, अशोकचक्राचं, दोन रुपयांच्या नाण्याएवढं. मंडईत प्रतिक्षाच्या कंपासपेटीसाठी घेतलेलं. बाबा खूप वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे तू लावलं?" मी हो म्हटलं. "बरं केलं." दहावीत दोनदा बसलेल्या पोराला बापाने दिलेली ती पहिली शाबासकी. संध्याकाळी आईला सांगत होते, "पोरगं सुधरून राहिलं, धुरपता." त्या दिवसापासून ते चावी लावायच्या आधी त्या चक्राला हात जोडायला लागले.

पंधरा दिवसांनी तो सकाळचा प्रसंग. तू मैदानावरून मोटारसायकलने परत येत होतास, बाबा तुमसरला निघाले होते. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. रस्ता रिकामा, ना गाय, ना माणूस, आणि गाडी एकाएकी अडली. मागून कोणी धरल्यासारखी, डाव्या अंगाला ओढत. तू गाडी ओळखीची म्हणून अगदी मागे होतास, बाजूने काढून हात दाखवणार होतास, तो तसाच मागून आदळलास. मी धावत आलो तेव्हा बाबा तुझं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसले होते आणि एकच म्हणत होते, "म्या ब्रेक मारलाच नाही गा. पाय लागलाच नाही." पोलिसांनी ते लिहूनही घेतलं नाही धड. त्यांनी आणलेल्या मेकॅनिकने गाडी चालवून बघितली, ब्रेक उत्तम आहेत म्हणून लिहून दिलं. हयगयीने गाडी चालवल्याची केस बाबांवर लागली. गाव तर गावच. कोणी म्हणे डुलकी लागली, कोणी म्हणे म्हाताऱ्याने क्लच समजून ब्रेक दाबला. पानठेल्यावर "ब्रेकवाले बाबूजी आले, मागं सरका" म्हणून लोक बाकड्यावरून उठायचे. बाबा पान न घेता परत यायचे.

आणि भूप्या, दवाखाना. पाय वर टांगलेला, तोंड सुजलेलं, आणि तू मला म्हणालास, "अंक्या, एक गोष्ट समजत नाही. मागचा लाल दिवा लागलाच नाही. लागला असता तं मी दाबला असता ना ब्रेक." तू दोनदा म्हणालास. मी तुला काय म्हटलं ते तुला आठवतं का माहीत नाही, मला आठवतं. मी म्हटलं, "धुकं होतं बे. तुले दिसला नसन." तू म्हणालास, धुकं नव्हतं. मी म्हटलं, तुला मार लागलाय, तुझ्या ध्यानात नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस तुझा जबाब घ्यायला आले तेव्हा तू धुक्याचं सांगितलंस. लाल दिव्याचं नाही. मी दाराशी उभा होतो. त्याच आठवड्यात मी रायपूरची गाडी धरली.

दहा दिवसांपूर्वी सेवकराम मिस्त्रींकडे अशीच एक जुनी मोठी गाडी आली. मालक म्हणे, साहेब, ही आपोआप ब्रेक मारते, घरचे म्हणतात बाहेरची बाधा आहे. मिस्त्रींनी मला चाकाखाली घातलं. प्रत्येक चाकाजवळ एक बारीक सेन्सर असतो, चाक किती फिरतंय ते तो गाडीला सांगतो. त्याची वायर तुटली आणि तुटलेलीच राहिली तर गाडी समजते, दिवा लावते आणि ते काम बंद ठेवते. पण कोणी ती पीळ मारून, टेप गुंडाळून जोडली, की जोड कधी लागतो, कधी सुटतो. मग गाडीला वाटतं चाक घसरून राहिलं, आणि ती माणसाला न विचारता एकाच चाकाला ब्रेक लावते. पेडलला पाय लागलेला नसतो, म्हणून तसल्या जुन्या गाडीत मागचा लाल दिवाही लागत नाही. मी खाली पडल्यापडल्या ऐकत होतो. मिस्त्री टेप सोडत म्हणाले, "किस गधे ने जोड़ा है ये?" मग मालकाला विचारलं, "दिवा तर लागत असेल ना अधूनमधून? दिसला नाही तुम्हाला?" मालक म्हणाला, लागतो, पण मी काय लक्ष देतो. मला चाकाखालून निघावंसं वाटेना.

तरीही मी आलो नसतो, खरं सांगतो. काल प्रतिक्षाचा फोन आला. मंगळवारी तुमसरच्या कोर्टात तारीख आहे आणि बाबा गुन्हा कबूल करणार आहेत. वकील नको म्हणाला तरी. ती रडत नव्हती, तेच वाईट. म्हणाली, "दादा, बाबा खोटं बोलायले नाही चालले. त्यायले खरंच वाटून राहिलं आता. म्हणतात, येवढे लोक म्हणतात तं लागला असन माहा पाय. मलेच याद नसन." रात्री जेवताना ते पायाकडे बघत बसतात म्हणे. गाडी दीड वर्ष चालवली नाही, पण रोज सकाळी फडका मारतात, दार उघडून त्या निळ्या चक्राला हात जोडतात आणि दार लावतात.

तर ऐक. साखळीने ओढलं तेव्हा डाव्या चाकाजवळून एक काळी वायर लोंबत होती. मी ती दातांनी सोलून, पीळ मारून, टेप लावून जोडली. घरी येताना मीटरवर एक पिवळा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. तो बघितला असता तर बाबांनी हात थांबवला असता, गाडी तिथेच उभी केली असती, आणि मंडईचं सगळं बाहेर आलं असतं. मी खिशात हात घातला, स्टिकर निघालं. ते मी त्या दिव्यावर चिकटवलं. दुसरं काही असतं तर बाबांनी कधीच सोलून काढलं असतं, चक्राला ते नख लावणार नाहीत हे मला तेव्हाही माहीत होतं. तुझा पाय मी मोडला, आणि तुझ्या डोळ्यांनी बघितलेलं मीच तुझ्याकडून काढून घेतलं. मंगळवारी मी कोर्टात वायरचं सांगणार आहे, पुढे माझं जे व्हायचं ते होवो. पण पाय लागला नव्हता हे सांगणारा तू एकटा आहेस. धुकं नव्हतं, लाल दिवा लागला नव्हता, एवढं बोलशील का? माझ्यासाठी नाही म्हणत. तिसऱ्या काळीपिवळीवाल्याच्या हाती हे पत्र देतो आहे, आणि उद्या सकाळी पहिल्या गाडीने मी येतो. सरळ घरी जाईन आणि बाबांना गाडीजवळ बोलावीन. चक्र मीच काढीन, त्यांच्यासमोर. तोवर चक्राला कोणाला हात लावू देऊ नको. काढण्याआधी हात जोडायचे की नाही, ते मात्र मला अजून समजलेलं नाही.

तू म्हणू देशील तोवर
तुझाच,
अंकुश