दमणीतली जागा

माघ अमावस्या, भुसावळ
इंजिन-शेडात माझ्या हाताखाली नवा खलाशी आला. पाहतो तं आमच्या गावचे धाकले पाटील! बापाशी भांडून घर सोडलं म्हणे. 'पाटील, तुमी?' मी उभाच राह्यलो. मिस्त्री हसला. 'अरे पांडुरंग, नये आदमी को पाटील बोलता है? राख निकालने को लगा उसको.'
लावलं. माझा बा सखाराम त्यायच्याच घरी सालदार, मी जन्मलो त्याच्याबी आधीपासून. आणि मी त्यायले फावडं धराले शिकवून राह्यलो.

फाल्गुन शु. चतुर्थी
धाकले पाटील, म्हणजे धा. पा., माझ्याच खोलीत. जात एकच, म्हणून चूलबी एक. फरक पायरीचा. त्यायच्या ओसरीवर पाटील वर, बा खालच्या पायरीवर. इथं एका ताटात जेवतो.
'पांड्या, मीठ दे बे.'
'जी.'
'पुन्हा जी म्हटलं तं ताट फेकीन.'

शु. एकादशी
गावाचंच बोलत बसलो. हरभऱ्याचा हुळा, नदीचा डोह. पळस फुलला असन आता. पण त्याचं गाव दमणीतून पाह्यलेलं, माझं चाकामागून. बा पाटलाची ती बैलगाडी हाके, हे आत गादीवर, मी मागं धुळीत पळत. घुंगरं, बैलाच्या घामाचा वास... तरी तेच आठवते बाप्पा.

होळी झाली
थोरल्या पाटलाचा निरोप, पाडव्याले घरी ये. धा. पा. विरघळला. मीबी सुट्टी काढली. पाडव्याले बाचं नवं साल ठरते. त्याच्या आधी त्याले इकडं आणायचं. धा. पा. म्हणे, 'सखारामले मी सोडवतो. माझा शब्द.'

वद्य त्रयोदशी
जऊळक्याच्या टेसनावर उतरलो. बा दमणी घेऊन उभा. मले पाहून हसला, मंग मालकाची ट्रंक उचलली. धा. पा. गादीवर सरकला. 'बस ना बे.' बसलो. बानं कासरा ओढला. रस्ताभर त्याची पाठ समोर. या बाजूनं कधी पाह्यलीच नव्हती. वाकली.
गावाजवळ नाल्यापाशी बानं बैल थांबवले. मागं पाहेना. धा. पा. पळसाकडं पाहू लागला.
मी उतरलो. धुळीमागून चालत गेलो. घुंगरं तीच.

अमावस्या, घरी
उद्या पाडवा. धा. पा. दिवसभर ओसरीवर बापाजवळ. शब्द काही निघाला नाही.
संध्याकाळी पाटलाच्या गोठ्यात गेलो. बा बैलाच्या खांद्याले तेल चोळून राह्यला होता. मीच म्हटलं, 'चाल भुसावळले. खोली हाय, चूल हाय. कोणाच्या पायरीवर बसाचं काम नाही.'
बा म्हणे, 'तिथं बैल असतात का रे?'
'नाही. इंजिनं असतात.'
'मंग सकाळी उठून मी काय करू?'
तेवढ्यात ओसरीवरून थोरल्या पाटलाची हाक आली, 'सखाराम, सकाळी लवकर ये.' बानं तेलाची वाटी माझ्या हाती दिली.
दुसऱ्या बैलाचा खांदा चोळाचा राह्यला होता.