दोन वेढे जास्त

मुलुंड,
रविवार, १२ जानेवारी २०२५

ताईस देवव्रतचा नमस्कार.

इकडे सगळे बरे. बाबांचा गुडघा त्यांच्या स्वभावासारखाच ताठ. चेंबूर काही परदेश नाही, तरी कागद घेऊन बसलोय, कारण फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझा कुकर नेमका तेव्हाच शिट्ट्या मारतो.

एक गंमत सांगतो. जान्हवीला हल्ली जुन्या रेकॉर्डचं वेड लागलंय. लेकीने माळ्यावरून आपला रेकॉर्ड प्लेअर काढला आणि त्याचा वेग तपासायला एक कागदी तबकडी छापून आणली. कडेने नुसत्या काळ्या रेषा. ती फिरत्या प्लेअरवर ठेवून दिव्याखाली बघायची. दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो म्हणे, आपल्याला कळत नाही एवढंच. वेग बरोबर असेल तर रेषा जागच्या जागी उभ्या दिसतात. फिरणारी वस्तू, आणि उभी! माझा विश्वास बसेना. हॉलमधल्या एलईडीखाली सगळं करडंच दिसलं. शेवटी स्वयंपाकघरातल्या जुन्या ट्यूबलाइटखाली स्टूल ठेवलं, आणि रेषा दिसल्या गं!

पण थांबेनात. पुढे पळत होत्या, म्हणजे प्लेअर जोरात फिरत होता.

"पप्पा, हा आधीपासूनच असा?" जान्हवीने विचारलं.

उघडून बघितलं, तर मोटरच्या चाकावर चिकटपट्टीचे वेढे. अमेरिकेहून आलेला प्लेअर इथल्या विजेवर रेंगाळायचा, म्हणून वेग वाढवायला कोणीतरी चाक जाड केलेलं. कोणीतरी म्हणजे बाबांनीच. नुसत्या कानाने अंदाज घेत. दोन वेढे जास्त झाले.

ते सोडवले आणि रेषा गपकन उभ्या राहिल्या. मग बाबा जिच्यावरून तुला गाणं शिकवायचे, ती रेकॉर्ड लावली. ताई, त्यातल्या गाणाऱ्या बाई खऱ्या तर खालच्या पट्टीत गातात! बाबा पेटीवर रेकॉर्डची पट्टी धरून रोज सकाळी तुला ज्या वरच्या सुरापर्यंत ओढायचे, तिथे त्या बाई कधी गेल्याच नव्हत्या. तुझा आवाज बसला, डॉक्टरांचे उपाय करून झाले, आणि "हिच्यात नाहीच ते" म्हणून पेटी बंद झाली. अजून तू आरतीला नुसती झांज वाजवतेस. मला त्याचं नेहमी वाईट वाटायचं, आज रागही आला.

पण वळून बघतो तर बाबा दारात.

"काय झालं रे?"

"काही नाही, मशीनमध्ये दोष होता," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची ओढली आणि अख्खी रेकॉर्ड ऐकली. एकदाही मान हलवली नाही. मग मी हे लिहायला बसलो, तर काय लिहितोय ते त्यांनी विचारलं. मी पत्रच हातात दिलं. वाचून झाल्यावर पेन मागताहेत. खालच्या ओळी त्यांच्या.

तुझा,
देवव्रत

स्वरदा,
दोष मशीनचा नव्हता. रेकॉर्ड वरच्या पट्टीत वाजतेय हे मला कळलं नाही. तुझा गळा दुखतोय हे मात्र रोज ऐकू येत होतं.
बाबा