मागं म्हणणाऱ्या बायका

इस्लापूर

प्रिय ऋतुजा,

तुझी दीपमाला काकू लिहून राहिली आणि मी सांगून राहिले. लिहिताना ती तोंडानं पुटपुटते, म्हणून तिनं माझं 'लई' काढून 'खूप' घातलेलं मी लगेच पकडलं. म्हटलं, बाई, नातीला लिहायचं हाय, तहसीलदाराला न्हाई. इथं सगळं बरं आहे. म्हैस व्याली. तुझ्या काकानं गुडघा दुखतो म्हणून चालणं सोडलं आणि खाणं धरलं.

परवा तू फोनवर म्हणालीस, लातूरचा गाण्याचा क्लास सोडते. दिवाळीपासून गीतांजली मॅडम नुसता 'सा' लावायला लावतात, एक गाणं म्हणू देत न्हाईत, कंटाळा आला. काका म्हणाला, सोड मग. मी गप्प बसले. मी गप्प म्हणजे आजी आजारी असणार, असं तुला वाटलं असेल. आजारी न्हाई, विचारात होते.

आमच्याकडं गाणं कसं शिकवायचे, ते आधी ऐक. व्यंकटीबुवा भजनातल्या पोरांना पहाटे सहस्रकुंडावर न्यायचे. धबधब्यापुढं उभं करायचे आणि सांगायचे, पलीकडच्या काठावरचा माणूस मान वळवेस्तवर म्हणा. त्यांच्या गुरूनं त्यांनाही तसंच उभं केलं होतं. पोरांचे आवाज लई मोठे झाले, सूर मात्र होता तेवढाच राहिला. केरबाचा गळा तर असा बसला की लग्नातला त्याचा उखाणा शेजारी बसलेल्या नवरीलासुद्धा ऐकू गेला न्हाई. तेव्हा मॅडम कोमट पाणी पाजून हळू म्हणायला लावतात, त्याला हसू नको.

आम्हा बायांना तर कुंडावरही कुणी नेलं न्हाई. आमची शाळा देवळात, खांबामागं. बुवा ओळ टाकायचे, गडी उचलायचे, आणि तिचं शेवटचं टोक आम्ही धरायचं. त्याला मागं म्हणणं म्हणतात. त्यात मी अशी तयार झाले की बुवांनी श्वास घेतला तरी ओळ कुठं वळणार ते मला कळायचं. एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, नागाबाई मागं असली की मला घसरायचं भ्याव न्हाई. मग काय, मी कितीतरी दिवस तुझ्या आजोबांच्या हाकेलाही उशिरानं ओ दिली.

पोळ्यानंतर बुवा वारले. केरबा हैदराबादला, बाकीचे गडी नांदेडला कामाला. भजन बंद पडू नये म्हणून आम्ही बायांनीच एकादशीला बसायचं ठरवलं. माझ्याशेजारी मागं म्हणणाऱ्या सिंधुनं चटया टाकल्या, प्रत्येकीच्या हातात टाळ, गावात उरलेला पेटीवाला वैजनाथ पेटी घेऊन पुढं. त्यानं विचारलं, मावशी, पट्टी कोणती धरू? मी सिंधुकडं पाहिलं, सिंधुनं माझ्याकडं. ती म्हणाली, बुवांचीच धर की. त्यानं धरली. गड्याची पट्टी ती, आमच्या गळ्याला कुठून झेपणार? सिंधुनं सुरुवात केली ती इतक्या वर की दुसऱ्या ओळीला सगळ्या खोकायला लागल्या. मग मी केली ती इतक्या खाली की वैजनाथ म्हणाला, मावशी, मुंग्यांना सांगून राहिल्या का? हसून हसून टाळ हातातून पडले. प्रसाद खाल्ला आणि घरी आलो.

हसलो खरं, पण पुढच्या एकादशीला कुणी फिरकलं न्हाई. सिंधुनं टाळ फडक्यात बांधून फळीवर टाकले. म्हणाली, पुढं म्हणणारंच न्हाई, तर मागं काय म्हणायचं? माझ्या मनात मात्र वैजनाथचं विचारणंच घोळून राहिलं. जन्म गेला गाण्यात, पण नागाबाई, तुझी पट्टी कोणती, असं कधी कुणी विचारलं न्हाई. आणि मीही विचारलं न्हाई.

आणि तुझ्या मॅडम दिवाळीपासून तुला तेवढंच तर विचारून राहिल्या, बाळा. गाणं मागाहून येतं. आधी आपल्या गळ्याला झेपेल ती जागा कोणती, ते शोधायला बसवलंय त्यांनी तुला. तुला कंटाळा आलाय, आणि इथं देवळाला कुलूप लागायची वेळ आली त्याच एका 'सा'वाचून.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तू हो हो म्हणून फोन ठेवतेस, आणि काका शेजारी बसून ऐकतो. नातीकडं मागायचं तर ते जरा आडोशानंच बरं. क्लास सोडू नको. आणि येत्या एकादशीच्या आधी चार दिवस सुट्टी काढून ये, तो मोबाइलमधला तंबोरा घेऊन. तू देवळात पुढं बसून म्हणायचं, म्हणून बोलवत न्हाई. तसं झालं तर आम्ही पुन्हा मागंच. माझ्यापुढं बस आणि माझा 'सा' शोधून दे. चुकले तर मॅडम तुला रागावतात तशी रागाव, मी ऐकून घेईन. मग एकादशीला वैजनाथनं पट्टी विचारली की मी सांगेन. सुरुवात मी करीन, ऋतुजा. या वेळी मागं तू म्हण.

तुझीच,
अजून पट्टी न सापडलेली
नागाबाई आजी